बसलेल्या गादीचा इतिहास

आईबाबांचा व्हिसा झाल्याचा फोन आला आणि आमच्या घरात पहिला प्रश्न उभा राहिला तो गादीचा. पाहुण्यांच्या खोलीत गादी नव्हती असे नाही. होती, पण ती आमच्या विद्यार्थिदशेतली, तीन अपार्टमेंट आणि दोन राज्ये पाहिलेली, आणि मधोमध अशी बसलेली की रात्री कुठल्याही कडेला निजलेला माणूस पहाटे खड्ड्यात सापडावा. बाबांना कमरेचा जुना त्रास. "फळीवर निजत जा" असे पुण्याच्या एका डॉक्टरांनी त्यांना कोणे एके काळी सांगितले आणि ते त्यांनी वेदवाक्य मानले. आईचे नेमके उलटे. तिचे सांधे दुखतात, कठीण अंथरुणावर कूस बदलताना ती कण्हते. दोघांची सोय एकाच खोलीत करायची, आणि तीही पाचशे डॉलरांत, कारण विमानाची तिकिटे आणि प्रवासी विमा यांनी त्या महिन्याचा पगार आधीच गिळला होता.

दुकानात गेलो. फर्म, प्लश, पिलो टॉप, युरो टॉप! आमच्या घरी या सगळ्याला मिळून 'गादी' हा एकच शब्द होता. विक्रेत्याने चौदाशेचा आकडा खोडून सातशे केला आणि हा भाव आज संध्याकाळपर्यंतच आहे असे बजावले. आत काय भरले आहे असे विचारले तर म्हणाला, "कम्फर्ट." उभी हयात यंत्रे आणि आज्ञावली यांच्यात घालवलेल्या माणसाला एका चौकोनी वस्तूच्या पोटात काय आहे हे कळू नये, याचा रागही आला आणि थोडी लाजही वाटली. रिकाम्या हाताने परतलो आणि पुढचे तीन आठवडे गावच्या लायब्ररीत काढले. गादी घ्यायला निघालेला माणूस गादीच्या इतिहासात शिरला तो असा. पण खरे सांगायचे तर काय घ्यावे हे शेवटी त्या इतिहासानेच सांगितले.

गादी बसते. मग ती कापसाची असो, तारेची असो की फोमची. दाब, घाम आणि काळ यांच्यापुढे कुठलाच पदार्थ टिकत नाही. तेव्हा बसलेल्या गादीचे काय करायचे, या प्रश्नाला माणसाने वेळोवेळी दिलेली उत्तरे म्हणजेच गादीचा इतिहास.

पहिले उत्तर सोपे होते: जाळून टाका. दक्षिण आफ्रिकेतल्या सिबुडू गुहेत सुमारे ७७,००० वर्षांपूर्वीची अंथरुणे सापडली, त्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. लव्हाळ्यासारख्या गवताचे थर आणि त्यावर एका झाडाची पाने, जी किडे दूर ठेवतात. अंथरूण खराब झाले की ही मंडळी ते पेटवून देत आणि त्याच जागी नवे घालत. वापरा आणि फेकून द्या ही पद्धत अमेरिकेने शोधली असे जे आपण समजतो, ते तितकेसे खरे नाही.

आपल्याकडचा पुरावा एका वेगळ्याच ठिकाणी मिळतो, तो म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांत. विनयपिटकात एक नियम आहे की भिक्षूच्या मंचकाचे पाय आठ अंगुळांहून उंच नसावेत. लगेच पुढचा नियम असा की मंचकात कापूस भरलेला असेल तर तो उपटून काढावा. कापूस म्हणजे काय याचाही खुलासा तिथे आहे: झाडाचा, वेलीचा आणि गवताचा. झाडाचा म्हणजे आपल्या सावरीसारखा. ज्या गोष्टीला बंदी घालावी लागते ती लोकांत चांगलीच रुजलेली असते, हे आपल्याला अनुभवाने माहीत आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याकडे मऊ भरीव अंथरुणाची चैन होती आणि ती करण्यासारखी वाटत होती, एवढे यावरून नक्की समजते.

सामान्य माणूस मात्र खाटेवर निजत होता. १३३३ साली सिंधमध्ये आलेल्या इब्न बतूताने तिचे कौतुकाने वर्णन केले आहे. चार निमुळते पाय, चार आडव्या पट्ट्या, रेशमाची किंवा सुताची वीण. इतकी हलकी की एक माणूस उचलून नेतो, आणि अंगचीच लवचीक असल्यामुळे वर काही घालायची गरज नाही. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचे तर गादी आणि पलंग हे दोन्ही एकाच रचनेत होते. शिवाय ती सैल पडली की पायथ्याची दोरी ओढून पुन्हा आवळता येत होती, हे महत्त्वाचे. इंग्रजांनी हा शब्दही उचलला; त्यांची 'कॉट' ही आपली खाटच. उलट 'मॅट्रेस' हा शब्द अरबी 'मत्रह'वरून इटालियन आणि फ्रेंच वाटेने इंग्रजीत पोचला. त्याचा मूळ अर्थ काहीतरी टाकण्याची जागा. जमिनीवर टाकलेल्या लोडा-गाद्यांवर बसणारे अरब पाहून युरोपाने तो घेतला.

मराठीत तर गादी ही निजण्यापेक्षा बसण्याची वस्तू अधिक. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी, सराफाच्या पेढीवरची गादी. १७३१ च्या वारणेच्या तहाने छत्रपतींच्या दोन गाद्या कायम झाल्या, तेव्हा त्या कुणी झोपायला मागितल्या नव्हत्या. कापूस भरून शिवलेली जाड बैठक हीच प्रतिष्ठा होती. घरोघर मात्र घोंगडी, वाकळ, सतरंजी. फार तर लग्नात मुलीला दिलेली एक गादी, आणि तीही पाहुणा आला की माळ्यावरून उतरायची.

पण ती एक गादी तीस-चाळीस वर्षे चाले, आणि याचे श्रेय पिंजाऱ्याचे. आमच्या पिढीतल्या बहुतेकांना तो आवाज आठवत असेल. दिवाळीच्या आधी खांद्यावर मोठे पिंजण घेतलेला माणूस गल्लीतून जायचा आणि तात छेडून टणत्कार करायचा. वेगळी हाक मारावी लागत नसे. मग अंगणात किंवा गच्चीवर गादीचे टाके उसवायचे, खोळ धुवायला टाकायची, आणि तो दडपून गठ्ठा झालेला कापूस पिंजणाच्या तातीखाली यायचा. लाकडी मोगरीने तातीवर ठोका दिला की ती थरथरते, आणि त्या कंपनाने कापसाचे तंतू सुटे होऊन उडतात. धूळ आणि कचरा खाली पडतो. तंतूंच्या मधे पुन्हा हवा शिरते. दहा-बारा किलोंच्या त्या ढिगाचा तासाभरात डोंगर व्हायचा आणि आम्हा मुलांना त्यात उडी मारायची सक्त मनाई असायची. संध्याकाळपर्यंत दाभणाने टाके घातलेली गादी तयार. कापूस तोच, पण गादी नवी. घरचा खर्च म्हणजे पिंजाऱ्याची मजुरी आणि कमी पडला तर थोडा नवा कापूस.

या व्यवसायाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. आपल्याकडचे नदाफ हे आडनाव अरबी 'नद्दाफ'वरून आले, त्याचा अर्थ कापूस पिंजणारा. बगदादमध्ये ९२२ साली ज्याला देहदंड झाला त्या सूफी मन्सूर अल हल्लाजच्या नावातला 'हल्लाज' हाही पिंजारीच, आणि उत्तरेकडचे अनेक पिंजारी आपल्याला मन्सुरी म्हणवतात ते त्याच्यावरूनच. पिंजण हे अवजार मुसलमानी अमलाबरोबर भारतात आले असे इतिहासकार इरफान हबीब यांचे मत आहे. इतर काही अभ्यासकांना ते मान्य नाही. त्यांच्या मते ते इथे आधीपासून होते. मला त्या वादात पडायचे नाही. पण दिवाळीपूर्वी घराघरांतल्या गाद्यांना नवा जन्म देणारा माणूस बहुधा मुसलमान असे, आणि याचे कुणालाच काही वाटत नसे, हे मात्र मी पाहिलेले आहे.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांना दक्षिणेतला कापूस मिळेना, तेव्हा त्यांनी वऱ्हाडचा कापूस घेतला आणि सतत त्याच्या नावाने बोटे मोडली. तो आखूड धाग्याचा, जाडाभरडा, आणि त्याचे बारीक सूत निघत नाही. सगळे खरे. पण जो तंतू आखूड, जाड आणि ताठ, तोच दाबल्यावर उसळी घेतो. लांब मऊ तंतू लवकर चापट होतो. सूत काढायला जो वाईट तो गादीला उत्तम! हे जपान्यांनी नीट ओळखले. मुंबई ते कोबे अशी जपानी आगबोटींची थेट फेरी १८९३ साली जमशेदजी टाटांच्या साहाय्याने सुरू झाली आणि भारतीय कापूस जपानी गिरण्यांकडे जाऊ लागला. त्यांच्या फुतोनसाठी भारतीय आखूड धाग्याच्या कापसाला आजही मान आहे. आणि गंमत अशी की पदवीसाठी आलेल्या आपल्यापैकी कित्येकांचे अमेरिकेतले पहिले फर्निचर म्हणजे लाकडी चौकटीवरचा तोच फुतोन.

आता अमेरिकेकडे वळू. या देशाच्या गादीची सुरुवातही आपल्याइतकीच गरिबीतली आहे. वसाहतींच्या काळात लाकडी चौकटीला दोर ओढून बांधत, म्हणजे बाजच की, आणि वर पेंढ्याची किंवा मक्याच्या कणसाच्या सालींची पिशवी टाकत. श्रीमंतांकडे पिसांची गादी असे, आणि ती मृत्युपत्रात नोंदण्याइतकी मोलाची असे. इंग्लंडमध्ये शेक्सपियरने १६१६ साली बायकोच्या नावे 'दुसऱ्या क्रमांकाचा' पलंग ठेवला, त्यावर विद्वान आजतागायत भांडत आहेत.

१८८१ साली टेक्ससमधल्या सीली नावाच्या गावी डॅनियल हेन्स या माणसाने कापसाच्या गाद्या करायला सुरुवात केली. तो सरकी काढण्याची यंत्रे उभारणारा कारागीर. १८८९ साली त्याने कापूस दाबून बसवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. गावाचे नाव गादीला मिळाले आणि आज ते साऱ्या देशाला ठाऊक आहे. आपल्या पिंजाऱ्याचा हा चुलतभाऊ, पण दोघांत एक मोठा फरक. पिंजारी गादी पुन्हा उघडत असे. हेन्सची मुळात अशी दाबलेली की ती उघडायची वेळच येऊ नये.

याच सुमारास विस्कॉन्सिनमधल्या केनोशा गावी झाल्मन सिमन्स विणलेल्या तारेचे पलंग यंत्रावर काढू लागला होता. पाच डॉलरांची वस्तू काही वर्षांतच एक डॉलरच्या आत आली. पुढे १९०० साली कॅनडातल्या जेम्स मार्शल या इंजिनिअरने प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत शिवण्याची कल्पना काढली. त्यामुळे एक स्प्रिंग दबली तरी शेजारची स्वस्थ राहते. एकाने कूस बदलली म्हणून दुसऱ्याची झोप मोडत नाही ती यामुळे. हे काम हाताने करायचे म्हणजे अतोनात महाग. सिमन्स कंपनीने त्याचे यंत्र तयार करून १९२५ साली ब्यूटीरेस्ट बाजारात आणली, किंमत साडेएकोणचाळीस डॉलर. त्या काळी ती चैनच होती. मग ती खपवायची म्हणजे जाहिरात आली. झोप ही विकण्याची वस्तू झाली ती तेव्हापासून.

या झगमगाटाच्या मागे दुसरी अमेरिका होती, आणि तिची गोष्ट मला लायब्ररीत अचानक सापडली. मंदीच्या दशकात दक्षिणेतल्या कापसाचे भाव कोसळले आणि सरकारी गोदामांत गासड्यांचे डोंगर साठले. ज्यांनी तो कापूस वेचला ती शेतमजुरांची कुटुंबे मात्र मक्याच्या सालींवर निजत होती. तेव्हा १९४० साली शेतकी खात्याने एक योजना काढली. कमी उत्पन्नाच्या शेतकरी कुटुंबाला गादीमागे सुमारे ५० पौंड कापूस आणि खोळीचे कापड फुकट. शिवायची मात्र स्वतः. शाळांत, गावच्या सभागृहांत, कोठारांत केंद्रे उघडली. त्यावेळचे फोटो पाहिले तर बायका टेबलांभोवती उभ्या राहून काठ्यांनी कापूस झोडपताहेत, तो फुलवताहेत, आणि लांब सुयांनी टाके घालताहेत. दोन वर्षांत अशा लाखो गाद्या झाल्या. फोटो पाहताना क्षणभर मला आमची गच्चीच आठवली, फक्त टणत्कार नव्हता. १९४१ अखेर अमेरिका युद्धात उतरली, कापसाला मागणी आली आणि पुढे हे सारे थांबले.

या देशातल्या गादीला एक कागदी चिठ्ठी शिवलेली असते आणि ती काढल्यास शिक्षा होईल अशी धमकी असते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. माझ्या एका मित्राने नागरिकत्व मिळेपर्यंत ती भीतीने जपली होती. खरा प्रकार असा की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही कारखानदार जुन्या चिंध्या आणि वापरलेल्या गाद्यांतला घाणेरडा भरणा नव्या खोळीत घालून विकत. म्हणून राज्यांनी कायदे केले की आत काय आहे ते लिहा आणि विक्रेत्याने ते काढू नये. गिऱ्हाइकाला ती चिठ्ठी खुशाल काढता येते. पण काढण्यापूर्वी वाचावी; दुकानात 'कम्फर्ट' म्हणून जे सांगतात त्याचे खरे नाव तिथे असते.

युद्धानंतर रसायनांचे राज्य आले. डनलॉप कंपनीने रबराचा चीक घुसळून फेस काढण्याची युक्ती १९२९ साली इंग्लंडमध्ये शोधली होती. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन शोधले आणि १९५० च्या दशकात त्याचा स्वस्त फोम निघू लागला. आपल्याकडे १९६० च्या दशकात रबर लावलेल्या काथ्याच्या गाद्या आल्या आणि पिंजाऱ्याचा आवाज हळूहळू कमी झाला. १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स हॉल या विद्यार्थ्याने आधी मक्याचे पीठ, मग जेली भरून आसन करून पाहिले, आणि शेवटी पाणी भरले. त्या वॉटरबेडचा १९८७ च्या सुमारास अमेरिकेतल्या गाद्यांच्या बाजारात पाचव्या हिश्शाहून अधिक वाटा होता. नंतर तो जसा आला तसा ओसरला. १९६६ साली चार्ल्स योस्ट यांनी नासासाठी विमानाच्या आसनांकरिता एक मंद गतीने पूर्ववत होणारा फोम तयार केला. १९९१ साली एका स्वीडिश कंपनीने त्याची गादी आणली, तीच मेमरी फोमची. हा फोम अंगाच्या उबेने मऊ होतो. साहजिकच मिशिगनच्या जानेवारीत, थंड खोलीत, आपण त्यावर पाठ टेकतो तेव्हा पहिली काही मिनिटे तो पाटासारखा लागतो.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. फळीच्या बाबतीत बाबांशी वाद घालायला मला एक शस्त्र मिळाले. स्पेनमध्ये कोवाक्स आणि सहकाऱ्यांनी कमरेच्या जुनाट दुखण्याच्या ३१३ रुग्णांना दोन गटांत वाटले. एकाला कठीण गाद्या दिल्या, दुसऱ्याला मध्यम कठीण. कुणाला कोणती हे रुग्णांना सांगितले नाही. नव्वद दिवसांनी मध्यम गटाचे दुखणे अधिक कमी झालेले होते. हे २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. कारण समजायला सोपे आहे. पाठीचा कणा सरळ पट्टी नव्हे. खांदे आणि कंबर थोडी आत गेली, तरच मधल्या पोकळीला आधार मिळतो. फळी फक्त उंचवट्यांना आधार देते.

दुसरी गोष्ट गादीच्या बसण्याची. गादीत सर्वांत आधी बसतो तो वरचा दोन-तीन इंचांचा मऊ थर. खालच्या स्प्रिंगा बहुधा धडधाकट असतात. पूर्वी गादी दोन्ही बाजूंनी वापरता येई, दर काही महिन्यांनी उलटायची. २००० साली सिमन्सने एकाच बाजूची गादी आणली आणि बहुतेक कंपन्या तिच्यामागे गेल्या. म्हणजे वरचा थर गेला की गादी गेली. वॉरंटी दहा वर्षांची असते खरी, पण खड्डा ठरलेल्या खोलीचा, बऱ्याचदा दीड इंचाचा, झाल्याशिवाय ती लागू होत नाही. आणि एकच गादी वेगवेगळ्या दुकानांत वेगवेगळ्या नावांनी असल्यामुळे भावांची तुलना करणे अशक्य होते. खोक्यातून दाबून पाठवलेल्या गाद्या २०१० नंतरच्या दशकात आल्या आणि भाव थोडे खाली आले, परत करायला शंभर रात्रींची मुदत मिळू लागली, हे मात्र मान्य केले पाहिजे. फोम घेताना मऊपणावर जाऊ नये, घनता विचारावी. मऊ की कठीण हा एक गुण आणि टिकाऊपणा हा दुसरा, आणि टिकाऊपणा घनतेवर ठरतो. साध्या फोमची घनफुटामागे १.८ पौंड, मेमरी फोमची चारच्या आसपास किंवा वर, यापेक्षा कमी असेल तर गादी लवकर बसणार. आकडा सांगायला विक्रेता कां कू करू लागला की मी पुढच्या दुकानात जाई. रस्त्याच्या कडेला ठेवलेली फुकट गादी आपण विद्यार्थिदशेत उचलून आणत होतो. पण या देशात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ढेकूण पुन्हा फोफावले आहेत, तेव्हा आता त्या मोहात पडू नये.

शेवटी मी डबल गादी घेतलीच नाही. ३८ इंच रुंद आणि ८० इंच लांब अशा दोन 'ट्विन एक्सएल' गाद्या शेजारी ठेवल्या की ७६ बाय ८० ची किंग साइज होते. दोन्ही मध्यम कठीण, पिशवीतल्या स्प्रिंगांच्या, वर उशीसारखा जाड थर नसलेल्या. आईच्या बाजूला दोन इंचांचा लॅटेक्सचा वेगळा थर टाकला, तो बसला तर तेवढाच बदलता येईल. वरून एकच मोठी चादर. एकूण चारशे ऐंशी डॉलर.

बाबांनी पहिल्या रात्री फळी मागितली, चौथ्या रात्री मागितली नाही; पण मान्य म्हणून काही केले नाही. ते आल्यानंतरच्या गुरुवारी नगरपालिकेचा ट्रक जुनी गादी न्यायला आला. त्याचे वेगळे पंचवीस डॉलर भरावे लागले. आई खिडकीत उभी होती. दोन माणसांनी ती गादी उचलून ट्रकमध्ये भिरकावली तशी ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अरे, आतला कापूस तरी काढून घ्यायचास!"